मुरासाकीची मुलगी

जपानांत क्योटोच्या पूर्वेस, बिवा सरोवराच्या दक्षिण टोकाजवळ, इशियामा नांवाचें एक प्राचीन बौद्ध मंदिर आहे. तेथें येणाऱ्या यात्रेकरूंना देवळाला लागून असलेली एक लहानशी खोली मुद्दाम दाखविण्यांत येते. आठव्या महिन्यांतल्या पौर्णिमेच्या रात्रीं, सरोवराच्या पाण्यांत पडलेलें चंद्रबिंब पाहतां पाहतां मुरासाकी शिकिबू हिला ‘गेन्जीची कथा’ येथें सुचली, आणि हाताशीं कागद नव्हता म्हणून प्रज्ञापारमिता सूत्राच्या पोथीच्या पाठीमागें तिनें आरंभींच्या ओळी लिहून काढल्या, अशी ती आख्यायिका आहे. जपानी चित्रकारांना हा प्रसंग फार आवडतो. चंद्र, पाणी, लिहिण्याचें मेज, हातांतला कुंचला आणि पाठीवर मोकळे सोडलेले लांब केंस एवढें त्या चित्रांत असतें. खोलींत दुसरें कोणी नसतें.

या एकांताबद्दलच मला शंका आहे. ग्रंथकर्त्यांच्या भोंवतीं दंतकथा जमाव्यात यांत नवल नाहीं. त्या आपल्याकडेही भरपूर आहेत. परंतु जनाबाईच्या दंतकथेनें निदान जातें उचलून बाजूला ठेवलेलें नाहीं. उलट विठ्ठलालाच त्या जात्याशीं आणून बसविलें आहे. इशियामाच्या कथेनें मात्र लेखिकेच्या भोंवतालचें सारें काम झाडून टाकलें. वास्तविक ही बाई विधवा होती, एका लहान मुलीची आई होती, आणि ज्या वर्षांत तिची कथा लोकांच्या हातीं जाऊं लागली त्या वर्षांत ती रात्रंदिवस हजेरी मागणाऱ्या एका नोकरींत होती. हें आपल्याला ठाऊक आहे याचें कारण तिचा स्वतःचा रोजनामा. त्यांत १००८ ते १०१० या काळांतला मजकूर आहे, आणि तो आजवर टिकला आहे.

तिचें खरें नांव कोणालाच माहीत नाहीं. ‘शिकिबू’ हें बापाच्या हुद्द्यावरून आलेलें (दरबारी विधि-समारंभांच्या खात्यांत तो अधिकारी होता), आणि ‘मुरासाकी’ हें तिच्याच कथेंतल्या नायिकेवरून मागाहून पडलेलें. जन्म इ. स. ९७३ च्या सुमाराचा. म्हणजे आपली ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या आधीं सुमारें तीनशें वर्षें. बाप फुजिवारा नो तामेतोकी हा चिनी विद्येचा पंडित होता. आपल्याकडे जें संस्कृतचें स्थान तेंच त्या काळीं जपानांत चिनी भाषेचें. राजकारभार, शास्त्र, इतिहास सर्व तिच्यांत, आणि ती पुरुषांनीं शिकावयाची. भाऊ धडा घोकीत बसे, ही जवळ बसून ऐके, आणि जेथें भाऊ अडखळे तेथलें हिला आधींच पाठ झालेलें असे. ही मुलगा म्हणून जन्माला आली असती तर, असें बाप हळहळून म्हणे. ही आठवण तिनें स्वतः लिहून ठेवली आहे. बायकांनीं लिहावें तें देशी भाषेंत आणि साध्या अक्षरमालेंत; तिला ‘बायकी हात’ असेंच म्हणत. पंडितांनीं टाकाऊ मानलेल्या त्याच अक्षरांत पुढें जपानचा सर्वश्रेष्ठ गद्यग्रंथ लिहिला गेला.

९९६ सालीं बापाला एचिझेन प्रांताची सुभेदारी मिळाली तेव्हां ती त्याच्याबरोबर गेली. सुमारें दोन वर्षांनीं परत येऊन तिनें फुजिवारा नो नोबुताका याच्याशीं विवाह केला. नवरा वयानें पुष्कळ मोठा, आधींच्या बायकांपासून झालेल्या मुलांचा बाप. ९९९ च्या सुमारास मुलगी झाली, आणि १००१ मध्यें नवरा वारला. त्या समाजांत नवरा बायकोच्या माहेरीं जाऊन-येऊन असे, आणि मूल बहुधा आईच्या घरींच वाढे. त्यामुळें वैधव्यानें तिचें घर सुटलें नाहीं. पण ज्या घरांत ती राहिली तेथें आजी नव्हती. मुरासाकीची आई फार पूर्वींच निवर्तली होती. बाप, कांहीं दासी, चिनी ग्रंथांचे ढीग आणि एक तान्ही मुलगी, असा तो संसार. बहुतेक अभ्यासकांच्या मतें कथेला आरंभ झाला तो याच वर्षांत, याच घरीं.

नोकरी चालून आली ती कथेमुळें, असें मानण्यास जागा आहे. त्या काळचा सर्वांत बलाढ्य सरदार फुजिवारा नो मिचिनागा यानें आपली मुलगी शोशी हिला बाराव्या वर्षीं सम्राट् इचिजो याच्या अंतःपुरांत पाठविलें होतें. तिच्या आधीं तेथें तेइशी ही राणी होती, आणि तिच्या दालनांत ‘उशाशींचें पुस्तक’ लिहिणारी सेई शोनागोन हिच्यासारखी तल्लख बाई होती. तेइशी बाळंतपणांत वारली, तरी तिच्या दालनाची कीर्ति मागें राहिली. मिचिनागाचा हिशेब सरळ होता. सम्राटाचें मन शोशीच्या दालनांत रमलें पाहिजे, तिला मुलगा झाला पाहिजे, आणि त्या मुलाचा आजोबा म्हणून राज्य आपण चालविलें पाहिजे. यासाठीं विदुषी जमविणें चालू होतें. १००५ किंवा १००६ च्या अखेरीस, बाराव्या महिन्याच्या एकोणतिसाव्या रात्रीं, मुरासाकी राजवाड्यांत रुजू झाली. घरीं मुलगी सहा-सात वर्षांची होती.

ही नोकरी म्हणजे काय, हें रोजनाम्यांतूनच वाचावें. नेमून दिलेले तास नव्हते. राणी जागी तोंवर दासी जागी. १००८ च्या शरद्‌ ऋतूंत शोशी बाळंतपणासाठीं बापाच्या वाड्यावर आली होती, तेथपासून हा मजकूर सुरू होतो. खोलींतले पडदे, आसनें, बायकांचीं वस्त्रें सारीं पांढरीं. भुतांना अंगांतून काढून दुसऱ्यांच्या अंगांत घालणारे भिक्षु घसा फुटेपर्यंत ओरडत आहेत, आणि पडद्यामागें इतक्या बायका दाटल्या आहेत कीं हात हलवावयास जागा नाहीं. अशुभ टळावें म्हणून फेंकलेले तांदूळ सर्वांच्या केंसांवर हिमासारखे पडत आहेत. रडून रडून चेहरे सुजले आहेत, पावडर पुसून गेली आहे, आणि एरव्हीं परस्परांपासून तोंड लपविणाऱ्या या कुलीन स्त्रियांना त्याचें भानही नाहीं. नवव्या महिन्याच्या अकराव्या दिवशीं मुलगा झाला. मग आजोबा मिचिनागा रात्रीं-अपरात्रीं येऊन नातवाला उचलून घेतात, नातू त्यांच्या उंची वस्त्रांवर मुततो, आणि राज्याचा हा सर्वाधिकारी तीं वस्त्रें विस्तवावर वाळवीत धन्यता मानतो. हा प्रसंग वाचतांना हंसूं येतें. मुरासाकीची दृष्टि येथें किती नेमकी आहे! दुसऱ्याच्या मुलाचें इतकें बारीक वर्णन करणाऱ्या या आईचें स्वतःचें मूल त्या दिवसांत सुमारें नऊ वर्षांचें होतें. त्याच्याविषयीं रोजनाम्यांत एक अक्षर नाहीं.

पण नोकरीनें घेतलेंच तेवढें असें म्हणणें अन्यायाचें होईल. बाळाच्या पन्नासाव्या दिवसाच्या मेजवानींत, अकराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं, विद्वान् सरदार किन्तो हा पडद्यांपाशीं येऊन ‘छोटी मुरासाकी’ येथें कोठें आहे का, म्हणून विचारून गेला. येथें गेन्जीसारखा कोणी दिसत नाहीं, मग त्याची मुरासाकी कोठून असणार, असें मनांत म्हणून ती गप्प राहिली. या ओळींमुळें १००८ सालीं कथा लोकांच्या वाचनांत होती हें सिद्ध होतें. एक हजार वर्षांनंतर, २०१२ मध्यें, जपाननें कायद्यानें १ नोव्हेंबर हा ‘अभिजात ग्रंथांचा दिवस’ ठरविला तो याच नोंदीवरून. पुढें त्याच महिन्यांत राणी राजवाड्यांत परतण्यापूर्वीं ग्रंथाच्या प्रती करण्याचें काम निघालें. निरनिराळ्या रंगांचे कागद निवडावयाचे, सुंदर अक्षर काढणाऱ्यांना पत्रें लिहून मूळ प्रती पाठवावयाच्या, आलेल्या प्रती बांधावयाच्या, असें दिवसरात्र चाललें. या थंडींत बाळंतिणीनें हें काय मांडलें आहे, असें मिचिनागा कुरकुरे, आणि दुसऱ्या हातानें उत्तम पातळ कागद, कुंचले, शाई आणून देई. एक दौतही त्यानें आणली. ती राणीनें मुरासाकीला देऊन टाकली. कागद त्या काळीं मोलाची वस्तु होती. चोपन्न प्रकरणांचा ग्रंथ, चारशेंहून अधिक पात्रें, आठशेंच्या जवळपास कविता. एवढ्याला लागणारा कागद, लेखनिक आणि वाचक एका विधवेच्या घरांत कोठून जमले असते?

मात्र त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. ती राणीपुढें हजर असतांना मिचिनागा तिच्या खोलींत शिरला, आणि तिनें घरून आणवून लपवून ठेवलेली कथेची प्रत शोधून काढून ती आपल्या धाकट्या मुलीला देऊन बसला. सुधारलेली प्रत हातची गेलीच होती. आतां ही कच्ची प्रत लोकांच्या हातीं पडून आपली नाचक्की होणार, अशी हळहळ तिनें नोंदली आहे. कागद धन्याचा, शाई धन्याची, तेव्हां ग्रंथही धन्याचाच, असा त्याचा सरळ समज असावा. मुरासाकीनें यावर राग व्यक्त केलेला नाहीं. तो करण्याची सोय नोकरींत नव्हती.

यानंतर ती थोडे दिवस घरीं गेली. रोजनाम्यांतला माझ्या मतें सर्वांत खरा मजकूर येथला आहे. अंगणांतलीं ओळखीचीं झाडें पाहून तिचें मन उदास होतें. पूर्वीं ज्या समानधर्मी मैत्रिणींशीं पत्रांतून कथांची देवाणघेवाण चाले त्या आतां तिला दरबारी बाई समजून दूर झाल्या असतील, असें तिला वाटतें. आपली कथा पुन्हां उघडून पाहते तों तींतही पूर्वींचा रस वाटत नाहीं. आणि मौज अशी कीं, ज्या राजवाड्याचा तिला कंटाळा, तेथल्याच शेजारीं निजणाऱ्या सखीची तिला आठवण येऊं लागते. घर परकें झालें होतें आणि वाडा आपला झाला नव्हता. या पानांत अंगण आहे, ग्रंथ आहेत, मैत्रिणी आहेत. दहाव्या वर्षांत असलेली मुलगी त्याच घरांत कोठें तरी असणार; ती मात्र दिसत नाहीं.

यावरून तिला माया नव्हती असा निष्कर्ष काढणारे निघतील. मला तो उतावीळ वाटतो. रोजनामा हा बव्हंशीं नोकरीचा आहे, आणि नोकरीच्या कागदांत घरचें मूल लिहीत नाहींत. आजही लिहीत नाहींत. तिच्या कवितांचा एक लहानसा संग्रह निराळा उपलब्ध आहे, आणि त्यांत एक प्रसंग आहे. लहान मूल आजारी आहे. घरच्या दासींनीं भांड्यांत बांबूची डहाळी खोंचून प्रार्थना मांडली आहे. तें पाहून, स्वतः या जगाला विटलेली असूनही, तो कोंवळा बांबू उंच वाढावा असें ती मागते. हें मूल तिची मुलगीच, असें बहुतेकांचें मत आहे. या दासींकडे वाचकानें क्षणभर पाहावें. आमच्या बाईसाहेब एवढे चिनी ग्रंथ वाचतात म्हणूनच त्यांचें नशीब खोटें, असें घरच्या बायका आपसांत कुजबुजत, ही नोंदही रोजनाम्यांत आहे. ग्रंथांवर राग धरणाऱ्या आणि आजारी पोरीच्या उशाशीं बसणाऱ्या बायका एकाच घरच्या. मुरासाकी राणीला पइ च्यु-इ याच्या चिनी कविता इतरांच्या नकळत शिकवीत असे, त्या वेळीं पोरीचे केंस विंचरणारे हात यांचेच असावेत. त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत.

जें रोजनाम्यांत नाहीं तें कथेंत कोठें गेलें, हें शोधूं लागलें कीं आकाशीच्या स्त्रीपाशीं थांबावें लागतें. गेन्जी राजधानीपासून दूर असतांना आकाशी नांवाच्या समुद्रकांठच्या गांवीं एका स्त्रीशीं त्याचा संबंध येतो व तिला मुलगी होते. आईचें कूळ हलकें. मुलगी तिच्याजवळ वाढली तर तिला मोठें स्थळ मिळणार नाहीं. म्हणून गेन्जी सुचवितो कीं, हिला मुरासाकीच्या, म्हणजे आपल्या निपुत्रिक आवडत्या पत्नीच्या, हवालीं करावें. आई तयार होते. हिंवाळ्याच्या दिवसांत गाडी दाराशीं येते. दोन-तीन वर्षांची पोर आनंदानें गाडींत चढते आणि आईची बाही ओढून, तूंही चल, असें सांगूं लागते. ग्रंथांत मृत्यु अनेक आहेत, वियोगही अनेक आहेत. पण इतक्या थोड्या शब्दांत इतका घाव घालणारा प्रसंग मला त्यांत दुसरा आढळला नाहीं. पुढें ही मुलगी युवराजाच्या घरीं दिली जाते, तेव्हां सांभाळ करणारी आई मागें सरते आणि जन्मदात्री तिच्याजवळ राहावयास जाते, परंतु आई या नात्यानें नव्हे. मुलीच्या तैनातीला असलेली बाई म्हणून. मुलीपाशीं राहण्याचा मार्ग नोकरींतून जातो, हें ज्या लेखिकेला सुचलें ती स्वतः नोकरीवर होती. कादंबरींत लेखकाचें चरित्र हुडकणें हा धोक्याचा छंद आहे, हें मान्य. येथें तो आवरत नाहीं एवढेंच.

मागून आलेल्या काळानें तिचा न्याय विचित्र केला. कल्पित कथा लिहिणें म्हणजे असत्य बोलणें, आणि तें बौद्ध धर्माप्रमाणें पाप. म्हणून मुरासाकी नरकांत पडली आहे, अशी समजूत मध्ययुगांत पसरली, आणि तिच्या व तिच्या वाचकांच्या उद्धारासाठीं शांतिविधि होऊं लागले. ज्या ग्रंथांत खुद्द गेन्जीच्या तोंडून असें म्हणविलें आहे कीं राजांचे इतिहास ही एकच बाजू असून माणसाचें सर्व आयुष्य कथांतच सांपडतें, त्याच्या कर्त्रीची ही गति! मूल घरीं ठेवून आल्याचा दोष मात्र तिला कोणी दिला नाहीं. त्या समाजांत वरच्या वर्गाच्या बायकांचीं मुलें दाईच पाजीत आणि वाढवीत. आईनें चोवीस तास मुलाजवळ असावें ही कल्पना पुष्कळ पुढची.

ती कल्पना जपानांत रुजल्यानंतर ज्या स्त्रीनें गेन्जीची कथा चालू भाषेंत आणली, तिचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होणार नाहीं. योसानो आकिको (१८७८–१९४२) ही साकाई गांवच्या मिठाईवाल्याची मुलगी. दुकानाचे हिशेब लिहून उरलेल्या वेळांत तिनें मुरासाकी वाचली. पुढें कवि तेक्कान याच्याशीं लग्न, तेरा अपत्यें, त्यांतलीं अकरा वाढलीं. नवऱ्याचें मासिक १९०८ मध्यें बंद पडल्यावर घर मुख्यतः तिच्या लेखणीवर चाललें. १९१२–१३ मध्यें तिचें पहिलें, संक्षिप्त भाषांतर निघालें. त्याच १९१२ सालीं सात मुलें मागें ठेवून ती सैबेरियाच्या आगगाडीनें पॅरिसला नवऱ्याकडे गेली, आणि कांहीं महिन्यांतच गरोदर अवस्थेंत एकटी बोटीनें परतली. गेन्जीवर तिनें वर्षानुवर्षें लिहिलेल्या विस्तृत टीकेचें हस्तलिखित १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगींत जळालें. या वेळीं ती एका शाळेंत शिकवीतही होती. पुन्हां आरंभ करून संपूर्ण भाषांतर तिनें १९३८–३९ मध्यें प्रसिद्ध केलें. आणि हीच अकरा मुलांची आई १९१८ च्या वादांत हिरात्सुका राइचो हिच्या विरुद्ध उभी राहून असें प्रतिपादन करीत होती कीं, मातृपणासाठीं सरकारपुढें हात पसरूं नये. स्त्रीनें स्वतः मिळवावें. मला या वादांत राइचोची बाजू अधिक पटते. आकिकोच्या अंगीं जें बळ होतें तें सर्वांच्या अंगीं असेल असें धरून तिनें नियम केला. पण तिच्या बोलण्याला खर्ची पडलेल्या रात्रींचा आधार होता, हें विसरतां येत नाहीं.

या आकिकोचें एक मत विलक्षण आहे. कथेचा उत्तरार्ध, ‘वाकाना’ या प्रकरणापासून पुढचा, मुरासाकीचा नसून तिच्या मुलीचा आहे, असें ती म्हणे. निदान शेवटचीं दहा प्रकरणें मुलीचीं असावीं अशी जुनी समजूत होतीच. आजचे बहुतेक अभ्यासक हें मानीत नाहींत, आणि मलाही तें पटत नाहीं. आकाशीच्या स्त्रीची मुलगी राणी झाल्यानंतरचा भाग मूळ हातानेंच पुरा व्हावा अशी त्या कथेची बांधणी आहे.

मुलगी मात्र लिहिणारी निघाली यांत वाद नाहीं. आईच्या मागें तीही त्याच शोशीच्या पदरीं नोकरीस राहिली. १०२५ मध्यें युवराजाला मुलगा झाला व त्याची आई बाळंतपणानंतर लगेच वारली; त्या मुलाची दाई म्हणून हिची नेमणूक झाली. तोच पुढें १०४५ मध्यें सम्राट् गो-रेइझेइ म्हणून गादीवर आला, आणि दाईला दरबारांत तिसऱ्या श्रेणीचा मान मिळाला. त्या मानावरून व नवऱ्याच्या हुद्द्यावरून तिला ‘दाइनी नो सान्मि’ म्हणतात. तेराव्या शतकांत फुजिवारा नो तेइका यानें शंभर कवींची एकेक कविता निवडून जो संग्रह केला, आणि जो जपानी मुलें अजून नववर्षाच्या पत्त्यांच्या खेळांत पाठ म्हणतात, त्यांत सत्तावन्नावी कविता आईची आहे. लहानपणची मैत्रीण ओझरती भेटून ओळख पटेपर्यंत निघून गेली, त्याविषयीं. तिला लागून अठ्ठावन्नावी मुलीची. दूर गेलेला एक प्रियकर उलट तिच्याच मनाविषयीं शंका काढतो, त्याला ती कळविते कीं, मी विसरणारी नव्हे. त्या कवितेंत डोंगराखालच्या वाऱ्यानें सळसळणारें ठेंगण्या बांबूंचें रान आहे.